उन्हाळ्याच्या एका महिन्यात कुटुंबाच्या सहली आणि घरचा विरंगुळा यांचा मेळ कसा घालावा?

आपण विचारले आहे की, मुलांना महिनाभर उन्हाळ्याची सुट्टी आहे, घरात वयस्कर आई आहेत, आपल्याला मात्र रोज कामावर जावे लागते. अशा महिन्यात कोणी कंटाळू नये आणि कोणी थकूही नये यासाठी काय करावे. हा पेच आमच्या घरी दर वर्षी येतो, म्हणून उत्तर लिहीत आहे.

पहिल्या वर्षी मी चार रविवारी चार सहली आणि मधल्या प्रत्येक दिवसासाठी काही ना काही, असे वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवले होते. दुसऱ्याच रविवारी ते कोलमडले. त्या दिवशी आम्ही एका वस्तुसंग्रहालयात गेलो होतो आणि तिकिटाचे पैसे वसूल झालेच पाहिजेत या हट्टापायी मी सगळ्यांना सगळी दालने पाहायला लावली. शेवटच्या दालनात धाकटा मुलगा बाकावर बसल्याबसल्याच झोपला, आई भिंतीला टेकून उभी राहिली आणि परतीच्या वाटेवर कोणी कोणाशी बोलले नाही. खरे तर पहिल्याच दालनात याच मुलाने एका जुन्या, हातभर लांबीच्या कुलपापुढे अर्धा तास काढला होता, किल्ली नेमकी कोणत्या बाजूने जात असेल यावर आजीशी वाद घातला होता. आज त्याला विचारले तर तो म्हणतो, ‘ते कंटाळवाणे ठिकाण ना?’ कुलूप फक्त माझ्या लक्षात राहिले आहे.

असे का होते, याचा उलगडा मला पुढे एका प्रयोगाविषयी वाचताना झाला. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना १४ अंश सेल्सिअस इतक्या थंड पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला सांगितले. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद झाल्यावर हात आणखी ३० सेकंद पाण्यातच ठेवायचा होता, मात्र त्या वेळात पाणी हळूहळू एखाद्या अंशाने कोमट केले जात होते. यांपैकी कोणता प्रकार पुन्हा कराल, असे विचारल्यावर बहुसंख्य लोकांनी दुसरा, म्हणजे एकूण त्रास जास्त वेळ देणारा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. एखादा अनुभव किती वेळ चालला यापेक्षा त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट यांवरच आपली आठवण बेतलेली असते, असा त्याचा अर्थ. माझ्या सहलीत हेच उलटे घडले होते: उत्तम सुरुवातीवर मी स्वतःच्या हाताने वाईट शेवट चढवला होता.

तेव्हापासून सहल रंगात असतानाच आवरती घ्यायची, हा आमचा नियम झाला आहे. आठवड्यातून एकच सहल, तीही अर्ध्या दिवसाची, आणि एका खेपेला एकच ठिकाण. राहिलेली दालने पुढच्या आठवड्यात कुठे पळून जात नाहीत. मुले ‘आणखी थोडा वेळ’ म्हणत असताना निघणे सुरुवातीला निर्दयपणाचे वाटते, पण पुढच्या रविवारी तीच मुले सकाळी आधी तयार होऊन बसतात. उन्हाचा अंदाज घेण्यासाठी घड्याळाऐवजी सावलीकडे पाहावे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की सूर्य ४५ अंशांहून वर चढलेला असतो आणि मग छताखाली जाणेच बरे. हे काम मुलीकडे सोपवले आहे. ती दर अर्ध्या तासाने पावले मोजून सावली मापते आणि मोठ्या अधिकाराने निकाल देते. पाण्याकाठी गेल्यास मात्र एका मोठ्या माणसाने दुसरे काहीही न करता फक्त मुलांवर नजर ठेवावी आणि पाळी बदलत राहावी. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, त्यामुळे ‘सगळेच पाहत आहेत’ या भरवशावर राहू नये.

सहली नसलेल्या सव्वीस-सत्तावीस दिवसांचे काय, हाच आपल्या प्रश्नाचा अवघड भाग आहे. तेथे रोज नवे काही शोधण्यापेक्षा महिनाभर चालणारी एकच गोष्ट धरावी, असे माझे मत आहे. आमच्याकडे ती गोष्ट म्हणजे चंद्र. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणजे एक सुट्टी आणि चंद्राची एक फेरी जवळजवळ बरोबरीची. पहिल्या पंधरवड्यात रोज ठरलेल्या वेळी पाहिले, तर चंद्र आदल्या दिवसापेक्षा पूर्वेकडे सरकलेला असतो; हात पूर्ण लांबवून धरलेली मूठ साधारण १० अंशांची असते आणि तो त्याहून थोडा जास्त सरकतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज सरासरी ५० मिनिटे उशीर करतो. हा उशीर किती होईल यावर आई आणि नातवंडे यांची रोज पैज लागते, आणि बहुतेक वेळा आई जिंकते. साधी दुर्बीण असेल तर ती पौर्णिमेला नव्हे, अष्टमीच्या आसपास काढावी, कारण उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरच विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून अगदी सपाट दिसतो.

आकाश ढगाळ असले की पत्ते. तेथेही एक भांडण मिटवणारी माहिती उपयोगी पडली: बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की, जोडाचे दोन भाग करून पाने एकमेकांत गुंफत पिसल्यास ५२ पाने नीट मिसळायला सुमारे सात वेळा पिसणे पुरते. आता ‘नीट पिसले नाहीस’ हा आरोप आमच्याकडे होत नाही, सगळे मिळून मोठ्याने सातपर्यंत मोजतात.

आपल्या सुट्टीत अमावास्या कधी येते ते दिनदर्शिकेत पाहून तिच्यानंतरच्या दुसऱ्या संध्याकाळी सुरुवात करावी. ती कोर सूर्यास्तानंतर थोडाच वेळ पश्चिमेला अगदी खाली दिसते, त्यामुळे तेथपर्यंत नजर मोकळी जाईल अशी जागा दिवसाच हेरून ठेवावी. आमचा पहिल्या वर्षीचा चंद्र समोरच्या पाण्याच्या टाकीआडच मावळला होता.