तालीम, लॅब आणि दोन रीडिंग

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅबमध्ये जीवाणूंच्या वाढीवर प्रकल्प करते. नाटकं लिहिते, त्यांत कामही करते. मागच्या महिन्यात तालमीला पळाले आणि दोन रीडिंग चुकली, ती नंतर अंदाजाने भरली. गाइड सर म्हणतात, आता नाटक पुरे. सोडू का?

उत्तर : तुझ्या पत्रात नाटकावर दीड पान आहे आणि त्या दोन रीडिंगवर एक ओळ. मी आधी त्या ओळीबद्दल बोलते.

ई. कोलायसारखा जीवाणू चांगल्या पोषक माध्यमात, ३७ अंश सेल्सिअसवर, साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे तू तालमीत होतीस त्या तासाभरात तीन पिढ्या होऊन संख्या आठपट झालेली असू शकते. मधले आकडे मनाने भरले की आलेख छान गुळगुळीत दिसतो, आणि मग त्यावर कुणालाच शंका येत नाही. उद्याच सरांना सांगून टाक. वहीतले ते आकडे एकाच रेघेने खोड, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी तारीख, सही आणि ‘रीडिंग घेतलं नाही’. बोलणी बसतील, बसू देत. रिकाम्या जागेपायी फार तर प्रयोग पुन्हा करावा लागतो.

आता नाटक. सोडू नकोस. पण ‘दिवसा विज्ञान, संध्याकाळी कला’ ही वाटणी तुला जमणार नाही, कारण कल्चर, म्हणजे वाढायला ठेवलेले जीवाणू, तुझ्यासाठी थांबत नाही आणि सहकलाकारही ताटकळत बसणार नाहीत. थांबतं ते लेखन. म्हणून प्रयोगांच्या आठवड्यांत फक्त लिही. भूमिका घ्यायची ती प्रकल्पाचा अहवाल लिहायच्या काळात. तालमीचे दिवस आधी कळत असतील, तर ते बघूनच वाढीच्या आलेखासाठी रीडिंग घ्यायचा दिवस धर. लॅबमधल्या मैत्रिणीशी अदलाबदलही ठरवता येईल: एक दिवस तुझी रीडिंग ती घेईल, एक दिवस तिची तू.

सरांना पटवताना नारळीकरांचा दाखला देण्याचा मोह होईल; टाळ. १९७४ साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली, तेव्हा ते जगन्मान्य शास्त्रज्ञ होते. तुझ्या हातात अजून पदवीही नाही. मला बोरोदिन हा रशियन संगीतकार जास्त जवळचा वाटतो. रसायनशास्त्र शिकवता शिकवता त्याने १८६९ मध्ये एक ऑपेरा लिहायला घेतला; १८८७ मध्ये बोरोदिन वारला तेव्हाही ऑपेरा अपुराच होता, मित्रांनी पुरा केला. दोन्ही करायचं तर काहीतरी रेंगाळणारच. या वर्षी रेंगाळेल ते नाटक, हे तुझ्या ग्रुपला आत्ताच सांग. ऐनवेळी भूमिका सोडलीस तर तेही चिडतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

सरांकडे जाताना वही बरोबर ने. आधी ते पान उघड, नाटकाचं नंतर काढ.