अर्थिंग आहे की नुसती तिसरी पिन?

प्रश्न : नेरुळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या यायच्या. ओळखीच्या वायरमनने सॉकेट उघडून न्यूट्रलपासून (करंट परत नेणाऱ्या वायरपासून) अर्थच्या पिनला एक छोटा वायरचा तुकडा मारून दिला, झिणझिण्या बंद. आता शेजारचे काका म्हणतात हे डेंजर आहे, वायरमन म्हणतो ट्रान्सफॉर्मरवर शेवटी दोन्ही एकच असतात. कोणाचं खरं? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : काकांचं. आधी मशीन बंद करा, तो तुकडा काढून घ्या, मग पुढचं वाचा.

वायरमन अर्धं खरं बोलतोय. ट्रान्सफॉर्मरजवळ न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो हे बरोबर, पण तिथून तुमच्या सॉकेटपर्यंत किती जॉइंट आहेत बघा, खाली मीटर रूम, कटआउट (फ्यूज), मग घरातला मेन स्विच, डीबी (घरभर वायरी वाटणारा बॉक्स), आणि जुन्या बिल्डिंगमध्ये त्यातला एखादा स्क्रू ढिला होऊन न्यूट्रल तुटणं काही नवलाची गोष्ट नाही. तो तुटला की दिवे जातात, आपल्याला वाटतं लाइट गेली, पण फेज (करंट आणणारी वायर) चालूच असतो आणि तो चालू असलेल्या पंख्यातून, फ्रिजमधून फिरून न्यूट्रलच्या वायरवर येतो, तिथून त्या तुकड्यातून थेट मशीनच्या पत्र्यावर. म्हणजे घरात अंधार आणि मशीनची बॉडी 230 व्होल्टवर. मीटर रूममध्ये कोणी काम करताना फेज-न्यूट्रल उलटे लावले तर तेवढंही व्हायला नको, बॉडी सरळ फेजवरच.

बरं, झिणझिण्या का यायच्या? मशीनच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थ नसला की बॉडी मध्येच लटकते, साधारण 115 व्होल्टच्या आसपास, टेस्टरही पेटतो. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसतं झिणझिणतं. कधी वायरिंग ओलं होऊनही खरा लीकेज, म्हणजे बॉडीवर गळणारा करंट, असतो, तेही तपासून घ्या. पण बहुतेक वेळा ती झिणझिण म्हणजे तुमच्या सॉकेटला अर्थ पोचत नाहीये याची तक्रार होती, आणि वायरमनने तक्रारीचं तोंड बंद केलं.

आरसीसीबी (लीकेज झाला की सप्लाय तोडणारा स्विच) आहे का घरात? त्याच्या पुढे असा तुकडा मारला की बॉडीवर आलेला लीकेज न्यूट्रलमधूनच परत जातो, जाणारा आणि येणारा करंट सारखाच दिसतो, आरसीसीबीला काही कळतच नाही. आणि त्याचं टी बटण दाबलं, ट्रिप झालं, म्हणजे अर्थिंग ओके असं समजू नका हं, ते बटण अर्थच्या वायरला हातच लावत नाही, अर्थ नसलेल्या घरातही ते मस्त ट्रिप होतं.

मग शोधायचं कसं? वायरमन बल्ब-होल्डर घेऊन फेज आणि अर्थमध्ये लावून बघतात, बल्ब फुल पेटला तर अर्थ आहे म्हणतात (आरसीसीबी असेल तर तो पडतो, तेही चालतं). पण तुमच्या सॉकेटमध्ये तो तुकडा असताना बल्ब फुलच पेटणार, म्हणून आधी सॉकेट उघडून डोळ्यांनी बघायचं. मग हिरवी वायर डीबीपर्यंत, डीबीतून मीटर रूमच्या अर्थ बारपर्यंत, तिथून खाली जमिनीत जाणाऱ्या पट्टीपर्यंत सलग आहे का ते. तुमच्यासारख्या केसमध्ये मजला आणि मीटर रूमच्या मधेच ती कुठेतरी तुटलेली निघते, किंवा पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक टाकताना पट्टीच कापलेली असते. हे लायसन्सवाल्याकडून करून घ्या आणि सोसायटीला पत्र द्या, कारण राइझर (खालून सगळ्या मजल्यांना वर जाणारी लाइन) एकट्याचा नसतो.

प्रश्न : नौपाड्यात जुन्या चाळवजा इमारतीत आमच्या गिझरचा अर्थ नळाच्या पाइपला क्लॅम्प केलेला होता. बाथरूम नवीन केलं, पाइप सगळे सीपीव्हीसीचे झाले. आता काही करायला हवं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हवं, आणि गिझर चालू करायच्या आधी. प्लास्टिकचा पाइप आला त्या दिवशी तुमचा अर्थ गेला. खरं तर पाइपला अर्थ करणं तेव्हाही चूकच होतं, मधला एखादा तुकडा कोणी बदलला की वरच्या मजल्यावरचे नळ शॉक मारायला लागतात आणि बिघाड असतो भलत्याच्याच गिझरमध्ये. डीबीपासून वेगळी अर्थ वायर आणा, सोबत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावा.

बाथरूममध्ये अजून एक गोष्ट असते, बाँडिंग. त्याचं काम करंट जमिनीत घालवणं नाही. हाताला लागणारे दोन धातू, समजा गिझरची टाकी आणि लोखंडी पाइप, एकाच व्होल्टेजवर राहावेत म्हणून ते एकमेकांना आणि अर्थला वायरने जोडायचे. तसं असलं की एक हात टाकीवर आणि दुसरा पाइपवर असला तरी शरीरातून करंट ढकलायला फरकच उरत नाही. उघडी जाणारी वायर असेल तर 4 स्क्वेअर एमएम कॉपर घ्या. तुमचे पाइप आता प्लास्टिकचे, म्हणून त्यांना आणि त्यावरच्या सुट्या नळांना बाँडिंगची गरज नाही, पण भिंतीतून जुनी जीआय (लोखंडी) लाइन अजून येत असेल तर तिला नक्की करा.

प्रश्न : आमची सोसायटी दर उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकते. योग्य आहे का? (एक वाचक, वाशी)

उत्तर : पाणी टाका, मीठ राहू द्या. खाडीलगतच्या भरावात खारटपणा आधीच असतो, त्यात मिठाने जीआय पाइप लवकर सडतो. त्यापेक्षा मे महिन्यात अर्थ टेस्टरने खड्ड्याच्या रेझिस्टन्सचं रीडिंग घ्या, पावसाळ्यातलं रीडिंग सगळ्यांचंच छान येतं. आणि रीडिंग 5 ओहम आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, करंटला फक्त मातीतूनच परत जायचं असेल तर 230 भागिले 5 म्हणजे 46 अँपिअर, त्यावर 32 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) लगेच पडत नाही. म्हणून खड्डा कितीही चांगला असला तरी प्रत्येक घरात आरसीसीबी लागतोच.