तिला ‘नाही’ म्हणता येते का?

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून आधी हसू आले आणि मग राग आला. सोलापूरच्या पूर्व भागातील त्या घराच्या गच्चीवर तुम्हा दोघांना पंधरा मिनिटे बोलायला दिली. खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालू असल्यामुळे तिचे निम्मे बोलणे तुला ऐकूच आले नाही, आणि वीज जाऊन माग थांबले तेव्हा जे एकमेव वाक्य स्पष्ट कानावर पडले, ते ‘घरचे म्हणतील तसे’ हे होते. हा होकार समजायचा का, असे तू मला विचारतोस. त्यानंतर मात्र तू पानेच्या पाने प्रेमावर खर्ची घातली आहेस. आजी-आजोबांनी लग्नाआधी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते, तरी त्यांचा संसार जन्मभर टिकला. पुण्यात तुझ्या कंपनीतल्या मित्रांचे प्रेमविवाह मात्र बघता बघता मोडले. तेव्हा खरे प्रेम लग्नाआधीचे की नंतरचे? तुझा पहिला प्रश्न खरा आहे. पुढची पाने त्या प्रश्नापासून पळण्यासाठी लिहिलेली आहेत.

आयुष्यभर इतिहास शिकवला असल्यामुळे पळवाटेवरही तुझ्याबरोबर थोडे चालते. पूर्वीची माणसे प्रेम करीत नसत, नुसते लग्न करीत, हा समज काढून टाक. सातवाहन राजा हाल याच्या नावावर संकलित झालेल्या महाराष्ट्री प्राकृतातील गाथांमध्ये शेतावर आणि नदीकाठी भेटणारी माणसे आहेत, रुसवे आहेत, परगावी गेलेल्या नवऱ्यासाठी झुरणारी बायकोसुद्धा आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात आपल्याच सोलापूरच्या राम जोशींनी रचलेल्या लावण्यांतला शृंगार काही बाहेरून आयात केलेला नव्हता. प्रेम होतेच, पण त्याची जागा बहुधा गाण्यात, फडात आणि चोरून भेटण्यात होती. लग्न हा घराण्याचा, जातीचा, शेताचा आणि मागाचा व्यवहार होता, आणि वधूवरांचे मन ही त्यात विचारण्याची बाब नव्हती. पुढे माया जडली तर नशीब, नाही जडली तर तक्रार करायला जागा नाही.

बाराव्या शतकातील कल्याणची, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणची, जी कथा आपल्याकडे बसव जयंतीला सांगितली जाते, तीच पाहा. मधुवरसांची मुलगी ब्राह्मणाची, हरळय्यांचा मुलगा चर्मकाराचा; शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांनी, ते लग्न मान्य केले आणि राजाच्या कोपाने दोन्ही बाप प्राणाला मुकले. जातीविरुद्ध इतके मोठे पाऊल त्या काळी दुसऱ्या कोणी क्वचितच उचलले असेल. पण त्या कथेत बापांची नावे ठळक आहेत, राजाचे आहे, बसवेश्वरांचे आहे. त्या मुलीला कोणी काय विचारले, आणि ती काय म्हणाली, ते मात्र मी ऐकलेल्या कोणत्याही कथनात नाही.

बायको ही सखीही असावी, असे एकोणिसाव्या शतकात शिकलेल्या पुरुषांना वाटू लागले आणि तेथून लग्नाची कल्पना खरोखर हलली. आगरकरांनी लग्नाआधीच्या प्रियाराधनाची बाजू उघडपणे मांडली. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारल्यावर ते विधवेशीच लग्न करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती, पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवले, तो संसार सख्याचा झाला आणि रमाबाई पुण्याच्या सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेचा आधारस्तंभ बनल्या. तू लगेच म्हणशील, बघा बाई, लग्नानंतरही प्रेम होते. होते ना, कोण नाही म्हणते? पण तिशी ओलांडलेल्या, विद्वान, कायदा जाणणाऱ्या पुरुषाला जिथे वडिलांना ‘नाही’ म्हणता आले नाही, तिथे त्या अकरा वर्षांच्या मुलीला कोण विचारणार होते? त्याच वर्षी सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले, आणि जोतीराव फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते, स्त्रियांचे हक्क मागते आणि वर तिला वचन देतो. मुलीने मांडवात तोंड उघडायचे असते, ही कल्पना माझ्या मते त्या काळातल्या साऱ्या प्रेमकवितेपेक्षा मोठी आहे.

रखमाबाईंचा खटला मी नववीच्या वर्गात पुस्तकात नसतानाही शिकवत असे, तुला आठवत असेल. अकराव्या वर्षी लग्न झालेली ती मुलगी सावत्र वडिलांच्या घरी राहून शिकली आणि मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला गेली नाही. त्या नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तिला नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि ती पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन परतली. आता एक गोष्ट नीट बघ. तिचे दुसऱ्या कोणावर प्रेम नव्हते. ज्या लग्नाला मी समजत्या वयात संमती दिली नाही, ते मी मानत नाही, एवढेच तिचे म्हणणे होते. तेवढ्यासाठी लोकमान्यांसकट अर्धा महाराष्ट्र तिच्यावर तुटून पडला.

त्यानंतरचे कायदे तुला पाठ असायला हवेत, म्हणून भराभर सांगते. १८९१ मध्ये संमतीवय, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाचे किमान वय, दहावरून बारा झाले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले. आजचे अठरा आणि एकवीस १९७८ साली आले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बळजबरीने किंवा फसवणुकीने घेतलेली संमती असेल तर लग्न रद्द करून मागता येते, पण तेही बळजबरी संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत. मात्र ‘घरचे म्हणतील तसे’ या वाक्यामागची बळजबरी कोणत्या न्यायालयात सिद्ध होणार? तिथे कायदा संपतो आणि तुझ्यासारख्या मुलाची जबाबदारी सुरू होते.

हे सगळे पुण्या-मुंबईचे झाले, असे म्हणू नकोस. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत संमती कट्ट्यासमोरच्या गर्दीत अक्षता टाकायला लहानपणापासून तू वडिलांच्या खांद्यावर बसून जात होतास. आपल्या ग्रामदैवताच्या आख्यायिकेत लग्नाची मागणी कुंभाराच्या मुलीने घातली. सिद्धरामेश्वरांनी, मी योगी आहे, लग्न करणार नाही, असे सांगितले. ती हटून बसली तेव्हा आपल्या योगदंडाशी लग्न करण्याची अनुमती दिली. मुलीने मन उघड बोलून दाखवले आणि पुरुषाचा नकारही नकारच राहिला, अशी ही कथा आहे. सारे गाव पांढरी बाराबंदी घालून दरवर्षी तो सोहळा करते आणि दुसऱ्या दिवशी घरच्या मुलीला न विचारता स्थळ पक्के करते. आपल्या डॉक्टर कोटणीसांनी १९४१ साली चीनमध्ये तेथील परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले, याचाही आपल्याला अभिमान वाटतो, कारण ते लग्न आपल्या गल्लीत झाले नाही.

आता सिनेमा आणि मोबाइलच्या काळात प्रेमाला प्रतिष्ठा आली, हे चांगलेच झाले. पण त्यातून एक विचित्र गोष्ट घडली आहे. मुलीने नकार दिला की लोक विचारतात, ‘कोणी आहे का?’ कोणी असेल तर तिचा नकार निदान समजून घेतात, वाईट म्हणत का होईना. कोणीच नसेल तर नकाराला कारणच उरत नाही. म्हणजे एका पुरुषाला ‘नाही’ म्हणायला दुसऱ्या पुरुषाचे नाव लागते. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही.

माझे लग्न आतेभावाशी माझ्या जन्मापासून ठरलेले होते. आपल्या भागात मामाची मुलगी म्हणजे हक्काची मुलगी, हे तुला सांगायला नको. मुलात खोट नव्हती. गिरणीत चांगल्या कामावर होता, निर्व्यसनी होता, माझ्याशी कधी वाकडे बोलला नव्हता. सुपारी फुटली, बस्ता बांधून झाला आणि मी नाही म्हटले. मला कोणी विचारले नव्हते, एवढेच माझे कारण होते. गावाने ते मानले नाही. शाळेतल्या एका शिक्षकाचे नाव माझ्याशी जोडले गेले, ज्यांच्याशी हजेरीपटापलीकडे मी कधी बोललेही नव्हते. आणि घराण्याची अब्रू राखायला ठरलेल्या मुहूर्तावर, त्याच मांडवात, माझ्या धाकट्या बहिणीला उभे केले गेले. माझ्यासाठी घेतलेला शालू ती नेसली. माझ्या मापाचे पोलके तिला सैल होत होते, म्हणून आईने आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात खांद्याला आणि दंडाला टाके घालून ते आत घेतले. आई सुई चालवत होती आणि मी शेजारी बसून दोरा ओवून देत होते.

धाकटीचा संसार चांगला झाला. आजही ती मला म्हणते, ‘अक्का, माझे काही वाईट झाले का? उगाच मनाला लावून घेतेस.’ वाईट झाले नाही, हे खरे आहे, पण वाईट झाले का, हा माझा प्रश्नच नाही. तिला विचारले होते का, हा आहे. लोक म्हणतात, तुझ्या हट्टापायी ती भरीला गेली. मी ते मान्य करीत नाही. मी माझ्यापुरते नाही म्हटले. त्याची किंमत तिच्याकडून वसूल करायची, हे मी ठरवले नव्हते. ज्यांनी ठरवले, त्यांना कोणी कधी जाब विचारला नाही, आणि मी मात्र इतकी वर्षे प्रत्येक लग्नकार्यात तो देत आले आहे. त्या रात्री दोरा ओवण्याऐवजी मी उठून तिला आतल्या खोलीत नेऊन विचारायला हवे होते, असे कधी कधी वाटते. मग वाटते, विचारले असते तरी तिच्याकडे ‘घरचे म्हणतील तसे’ याखेरीज दुसरे उत्तर कुठे होते? लग्न करायचे नाही, असे मी नंतर ठरवले आणि ते निभावले. त्याबद्दल माझी कीव करू नकोस, माझे दिवस चांगले गेले आहेत.

म्हणून तुझ्या त्या वाक्याकडे परत ये. ते होकार नाही, नकारही नाही. आपले उत्तर कोणी मोजणार नाही, हे ओळखलेल्या मुलीचे ते बोलणे आहे. तुझे तिच्यावर प्रेम बसेल का, हा विचार आता करू नकोस. ती देखणी आहे, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, गुण जुळले आहेत, देण्याघेण्याची बोलणी नाहीत, हे सारे तू लिहिलेस; तिला नाही म्हणता येते का, हे पाहिले नाहीस. ते आधी पाहा. ज्या घरात तिला नाही म्हणता येत नाही, तिथल्या तिच्या होकारावर तू कोणता संसार उभारणार आहेस? उद्या ती तुझ्या घरात येईल तेव्हाही ती तुझ्या आईला, तुला, कोणालाच नाही म्हणणार नाही, आणि तू तिला ‘समजूतदार’ म्हणत राहशील.

रविवारी सुपारी आहे ना? मग त्याआधी तिला भेट. मध्यस्थ काकांमार्फत निरोप पाठवू नकोस आणि मोबाइलवरही काही लिहू नकोस, कारण तो फोन घरातले सगळे पाहत असणार. मंदिराच्या आवारात भेटा, तिच्याबरोबर मैत्रीण असली तरी चालेल, आणि या वेळी माग नसतील अशा ठिकाणी उभा राहा. तिला सरळ सांग की तू नाही म्हणालीस तर माघार मी घेतली, असे मी घरी सांगेन. मुलाने नाकारलेली मुलगी म्हणूनही लोक तिलाच नावे ठेवतील, तेव्हा कारणही स्वतःवर घे. बदली परदेशी होते आहे म्हण, कर्ज आहे म्हण, तुला सुचेल ते म्हण. ज्या बाईंनी तुला खोटे बोलल्याबद्दल बाकावर उभे केले, त्या आज तुला खोटे बोलायला सांगत आहेत, याचे नवल वाटू देऊ नकोस. ती गप्प राहिली तर घाई करू नकोस, आणि वडिलांना सांगून सुपारी पुढे ढकल. तुझ्या वडिलांचा चढलेला आवाज तू सहन करू शकतोस. तेवढे तुझ्या पदरात आहे, तिच्या नाही.

काय झाले ते मला समक्ष येऊन सांग. पत्र लिहू नकोस, तुझे अक्षर अजूनही नववीतलेच आहे.

तुझ्या,
इतिहासाच्या बाई