जुन्या पोर्ट्रेट प्रिंटमधल्या माणसाचा स्वभाव ओळखायचाय? आधी ओठ बघा

जुन्या छापील चित्रांतल्या चेहऱ्यांवरून माणूस कसा होता ते ओळखायचा छान नाद लागलाय तुम्हाला, पण त्या सेनापतीच्या चित्राबाबत सुरुवातीला सगळे करतात तीच चूक तुम्हीही केलीत, चित्राखालचं नाव वाचलं, हा सेनापती म्हणजे करारी असणार असं ठरवलं आणि मग चेहऱ्यात करारीपणा शोधत बसलात. नाव कागदाने झाका आधी.

मग एवढंच करा:

- चेहऱ्याचा अर्धा भाग हाताने झाका, मग दुसरा. बऱ्याचदा एक बाजू हसरी आणि दुसरी थकलेली निघते, मला तर अजून मजा वाटते.
- ओठांचे कोपरे भिंगातून बघा. तिथली एक बारीक रेघ वर गेली की खाली, यावर अख्खा मूड फिरतो.
- कपडे, पडदा, खांब यावरून स्वभाव ठरवू नका, तो बहुतेक थाट असतो. हात मात्र बघा.

डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६३० चं एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरून छापलेलं चित्र) बघा, टोपी घातलेला, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. जेमतेम पाच सेंटीमीटरचं, स्वतःचाच चेहरा, आणि भुवयांवरच्या चार रेघांत दचकणं पकडलंय. पण हा त्याचा स्वभाव नव्हे हं, आरशासमोर हावभावांचा सराव! मूड आणि स्वभाव यात गल्लत नको.

अजून एक, छापायची प्लेट झिजल्यावर काढलेल्या प्रिंटमध्ये बारीक छटा उडतात आणि भला माणूसही उगाच रुक्ष दिसतो, त्यामुळे जमलं तर त्याच चित्राची दुसरी प्रत शोधून शेजारी ठेवा. स्टेट (प्लेटमध्ये बदल करून छापलेली आवृत्ती), वॉटरमार्क (कागदातली खूण) वगैरे सध्या राहू दे.