उद्देश सापडेपर्यंत काय करायचं?

तुम्ही विचारलंय, माणसाच्या जन्माचा उद्देश काय, आणि तो कळत नसल्यामुळे अभ्यासात मन लागत नाही. पहिल्या भागाचं उत्तर माझ्यापाशी नाही. आपल्या पूर्वजांनीही एकावर बोट ठेवायचं टाळून धर्म, अर्थ, काम, मोक्ष असे चार पुरुषार्थ सांगून ठेवले. दुसऱ्या भागाबद्दल मात्र बोलता येईल.

मी पुण्यात कर्वेनगरला राहतो. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. स्वभावाने अतिशय भिडस्त. 1891 मध्ये त्यांची पहिली बायको वारली. पुन्हा लग्न करायचं तर एखाद्या कोवळ्या मुलीशी नाही, विधवेशीच करायचं, असं त्यांनी ठरवलं आणि 1893 मध्ये बालविधवा असलेल्या आनंदीबाईंशी लग्न केलं. हा मुळात स्वतःच्या लग्नाचा निर्णय होता. पण कोकणातल्या आपल्या गावी, मुरुडला, गेले तर गावाने वाळीत टाकलं. मग पुनर्विवाहाच्या प्रचाराचं काम हाती घेतलं. ते करताना ध्यानात आलं की विधवेच्या हाती शिक्षण नसेल तर नुसत्या लग्नाने किती जणींचं भलं होणार? त्यातून 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम निघाला. पुढे तो तेव्हा पुण्याबाहेर असलेल्या हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कॉलेज सुटलं की कर्वे पायी हिंगण्याला जायचे, तिथे मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा पायीच कॉलेजात. (आज तेवढ्याच अंतरात मी कर्वे रस्त्याच्या सिग्नलांना शिव्या घालतो.) या सगळ्यात घरची ओढाताण आनंदीबाईंनी सोसली, हे सांगायचं बरेचदा राहून जातं.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कुणीतरी त्यांना पाठवली होती. त्यांनी ती चाळून बाजूला ठेवून दिली. नंतर कधीतरी तीच पुन्हा हाती घेतली आणि 1916 मध्ये, वयाच्या 58 व्या वर्षी, महिला विद्यापीठ काढलं. कॉलेजच्या पहिल्या वर्गात मुली होत्या 5. म्हणजे ज्या कामासाठी आज त्यांचं नाव घेतात, ते साठीच्या उंबरठ्यावर टपालाने घरी आलं! हिंगण्याचा आश्रम आधीपासून चालत नसता तर ती पुस्तिका रद्दीत गेली असती, असं माझं मत. 1958 मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं आणि त्यानंतरही ते 4 वर्षं जगले.

सगळ्यांनी कर्वे व्हावं, असं मी म्हणत नाही. माझ्याच्याने तर आठवड्यातून दोनदा शेजारच्या पोरांना अपूर्णांक शिकवण्यापलीकडे काही झालेलं नाही, आणि त्यातलेही निम्मे गैरहजर असतात. पण वर्गाच्या दिवशी तुमचा हा प्रश्न मला पडत नाही, एवढं नक्की.

तुम्ही अभ्यास कशाचा करताय, ते लिहिलेलं नाही. तेवढं सांगा, मग पुढचं बोलू.