बोटं नाहीत, तरी खाजतात

प्रश्न: ताई, माझे यजमान ५४ वर्षांचे. इतवारीत आमचं किराणा दुकान आहे. शुगरमुळे गँगरीन झालं आणि दिवाळीनंतर डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जखम भरली, पण ते खोलीबाहेर येत नाहीत. कोणी भेटायला आलं की झोपेचं सोंग घेतात. रात्री म्हणतात, "त्या पायाची बोटं खाजून राहिली ना वं." सासूबाईंना ही बाहेरची बाधा वाटते. मुलगा दुकान विकायचं म्हणतोय. काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, सासूबाईंना सांगा, ही बाधा नाही. पाय गेला तरी मेंदूत त्या पायाची जागा शाबूत असते, म्हणून खाज येते, मुंग्या येतात, कधी बोटं मुडपल्यासारखी दुखतात. पुरुष पेशंट हे लपवतात, लोक वेडं म्हणतील म्हणून. त्यामुळे मीच आधी विचारते. तुमच्या यजमानांनी तुम्हाला सांगितलं, ही मोठी गोष्ट आहे. दुखत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, घरातली साधी गोळी बहुधा पुरत नाही. फिजिओथेरपिस्टकडून आरशाचा व्यायामही शिकून घ्या. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरून चांगला पाय हळूहळू हलवायचा, म्हणजे आरशात गेलेला पाय हलताना दिसतो. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. पण खर्च एका आरशाचा.

आणि गुडघ्याखाली उशी देत असाल तर आजच काढा. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेला आखडतो आणि मग कृत्रिम पाय नीट बसत नाही.

आता दुकानाचं. माझं मत विचाराल तर सध्या विकू नका, आणि त्यांना न विचारता तर मुळीच नाही. एवढी वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस एका ऑपरेशनने घरातला पेशंट झाला. त्यांचं निम्मं दुखणं मला तिथे दिसतं. उधारीची वही घरी आणा. ठोकवाल्यांचे फोन त्यांनाच घेऊ द्या. मन ताळ्यावर आलं की काम देऊ, असं म्हणत थांबू नका. "हिंमत ठेवा" म्हणायला येणाऱ्यांना मात्र दारातूनच चहा पाजून पाठवा. (माझा त्यांच्यावर जरा रागच आहे.) भेट घडवायचीच तर पाय गमावून पुन्हा कामाला लागलेल्या माणसाची घडवा. पाय बसवून देणाऱ्या केंद्रात विचारा, असं कोणी ना कोणी भेटतं.

जयपूर फूट हा कृत्रिम पाय १९६८ साली आपल्याकडची राहणी बघूनच तयार झाला: अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं म्हणून. पण नागपूरचा मे महिना ध्यानात ठेवा. घामाने कातडी सोलते. दुपारी कृत्रिम पाय काढून कोरडं पुसायचं, सुती मोजा बदलायचा. उजवा पाय रोज तळव्यापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत तपासा. शुगरवाल्याला तिथली जखम कळतही नाही.

जेवण, झोप तुटली किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलले, तर वाट पाहू नका. त्यांना एकटं सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही लिहिली नाही, पुढच्या पत्रात लिहा.