शून्य सावलीची वेळ

प्रश्न : आमच्या गावातील विज्ञान केंद्रात मुलांनी 24 मे रोजी शून्य सावलीचा (सूर्य नेमका डोक्यावर आल्याने सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, ते पाहण्याचा) प्रयोग केला, परंतु बारा वाजता अंगणात रोवलेल्या पाइपला सावली होतीच, आणि ती 12 वाजून 12 मिनिटांच्या सुमारास नाहीशी झाली. आमचे काही चुकले का?
– एक शिक्षक, जि. वर्धा

उत्तर : चूक झालेली नाही, उलट मुले घड्याळ पाहून घरी न जाता त्या उन्हात सावलीवर लक्ष ठेवून बसली, हे मला अधिक मोलाचे वाटते. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि वर्धा त्याच्या सुमारे 4 अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला 4 मिनिटे या हिशेबाने आपली माध्यान्ह 16 मिनिटे उशिरा यायला हवी, मात्र मेअखेरीस सूर्य घड्याळाच्या सरासरी वेळेच्या तीनेक मिनिटे पुढे असल्याने तेवढी वजावट होते. पाइप गवंड्याच्या ओळंब्याने दोन बाजूंनी तपासावा, कारण अवघ्या एका अंशाच्या कलाने एक मीटर उंचीच्या पाइपला पावणेदोन सेंटिमीटरची सावली पडते. हाच योग जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा येतो. तेव्हा विदर्भात आभाळ बहुधा भरलेले असते, तरी पाइप उपटू नये.